‘ब्यूटिफुल थिंग’: एका आईची आणि दोन पोरांची गोष्ट



गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर केंद्रावर एक फोन आला. ताईंनी नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आधी त्या शेळ्यांच्या लसीबद्दल बोलल्या, मग पावसाबद्दल बोलल्या आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “माझा मुलगा कॉलेजला आहे. म्हणतो, मला पोरी आवडत नाहीत, पोरगाच आवडतो. यावर काही औषध असतं का हो?” आम्ही सांगितलं की औषध नसतं, कारण हा आजारच नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “मग मी करू काय?”

या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. आम्ही आपसात बोललो, तेव्हा आमच्यातल्या एकीला एक जुना इंग्रजी सिनेमा आठवला. त्यातल्या आईपुढेही हाच प्रश्न येतो. आम्ही तो सगळ्यांनी मिळून पाहिला, दोनदा पाहिला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

सिनेमाचं नाव ‘ब्यूटिफुल थिंग’, म्हणजे सुंदर गोष्ट. तो 1996 साली इंग्लंडमध्ये निघाला. मोठे नट नाहीत, मोठा खर्च नाही. तिथल्या ‘चॅनल फोर’ या टीव्ही वाहिनीनं पैसे घातले होते आणि तो टीव्हीवर दाखवायलाच बनवला होता. झाल्यावर लोकांना इतका आवडला की थिएटरात लावला. दिग्दर्शन हेट्टी मॅक्डोनल्ड या बाईंचं. गोष्ट जोनाथन हार्वी यांची. आधी त्यांनी याचं नाटक लिहिलं होतं, ते 1993 मध्ये लंडनच्या बुश थिएटरात झालं. हार्वी त्या काळात शाळेत मास्तर होते, आणि ज्या वस्तीत ते शिकवत तीच वस्ती सिनेमात आहे.

त्या वस्तीचं नाव थेम्समीड. लंडनच्या आग्नेयेला, थेम्स नदीच्या काठच्या दलदलीवर 1960 च्या दशकाच्या शेवटी ती बांधायला घेतली. लंडन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राणीचा वाडा येतो. इथे तसलं काही नाही. काँक्रीटच्या राखाडी इमारती, सरकारी भाड्याची घरं, कामकरी माणसं. एका मजल्यावर घरं ओळीनं, आणि सगळ्यांची दारं एकाच सामाईक गॅलरीत उघडतात. मुंबईच्या चाळीत ज्यांचं माहेर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कोणाच्या घरी काय शिजलं, कोण कोणावर ओरडलं, सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

या गॅलरीत तीन दारं शेजारी शेजारी आहेत, आणि सगळी गोष्ट या तीन दारांमागे घडते.

एका दारामागे जेमी आणि त्याची आई सँड्रा. जेमी पंधरा-सोळा वर्षांचा, लाजरा. शाळेत खेळाचा तास आला की पळून घरी येतो, कारण पोरं त्याला त्रास देतात. दुसऱ्या दारामागे स्टी, जेमीच्याच वर्गातला, खेळात तरबेज, चारचौघांत वावरणारा. पण घरी दारुडा बाप आणि तसाच दांडगा मोठा भाऊ. दोघंही स्टीला मारतात. स्वयंपाक जमला नाही म्हणून मार, काही कारण नसलं तरी मार. तिसऱ्या दारामागे लीया. तिला शाळेतून काढलंय. दिवसभर ती मोठ्या आवाजात रेकॉर्डी लावते, त्याही एकाच गायिकेच्या, ‘मामा कॅस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅस इलियटच्या. ही अमेरिकन गायिका 1974 मध्ये लंडनमध्येच वारली, वय अवघं 32. अंगानं जाड, म्हणून लोकांनी तिची आयुष्यभर टिंगल केली, आणि गळा असा की टिंगल करणारेही ऐकत बसायचे. एकटीनं मुलगी वाढवली तिनं. लीयाला तीच का आवडत असेल, ते सिनेमा सांगत बसत नाही. शाळेनं नको म्हटलेली काळी पोरगी आपल्यासारखं कोणीतरी शोधते, आणि तिला सापडते ती अशी.

आता सँड्रा. ती पबमध्ये काम करते. पब म्हणजे तिथली बसायची जागा, बायामाणसं दोघंही जातात, बिअर पितात, गप्पा मारतात. सँड्रा तिथे ग्लास भरून देते. एक दिवस स्वतः पब चालवायचा हे तिचं स्वप्न आहे. नवरा नाही. मित्र येतात, जातात. सध्याचा टोनी म्हणून एक तरुण चित्रकार आहे, भला माणूस, पण त्याचं बोलणं सगळं हवेत. सँड्राचं तोंड मात्र असं चालतं, की आमच्या केंद्रावर तिला बोलवलं तर निम्मा कार्यक्रम कापावा लागेल. ती शिव्या देते, टोमणे मारते, चिडली की पोरावर हातही उचलते. ते आम्हाला आवडलं नाही, आणि ते तसंच दाखवलंय हे बरं वाटलं. आपल्याकडच्या सिनेमातली आई एक तर देवघरातली समई असते, नाहीतर खाष्ट सासू. सँड्रा दोन्ही नाही. दमलेली, भाड्याची आणि पोराची काळजी करणारी बाई आहे, आणि सिनेमात आम्ही सगळ्यात जास्त हसलो ते तिच्यामुळे. लिंडा हेन्री या नटीनं ती केली आहे.

एका रात्री शेजारी आरडाओरडा होतो. रोजचाच. पण त्या रात्री स्टीला फार मारलेलं असतं. सँड्रा त्याला पाहते आणि सरळ आपल्या घरात घेते. आज इथेच झोप, म्हणते. घरात जादा पलंग नाही, म्हणून त्याला जेमीच्या पलंगावर झोपवते, एकाचं डोकं उशाशी, दुसऱ्याचं पायथ्याशी.

आम्ही इथे सिनेमा थांबवला होता. कारण आपल्यातल्या किती जणींनी अशा रात्री दार लावून घेतलंय? “त्यांच्या घरातला मामला” म्हणून. सँड्राला तेव्हा या पोरांच्या मनातलं काहीच माहीत नाही. तिला फक्त मार खाल्लेलं पोर दिसतं. ती समाजकार्य करत नाही, भाषण देत नाही. शेजारच्या बापाला ती काय बदलणार? तो शेवटपर्यंत बदलत नाही. पण एक दार उघडं ठेवणं तिच्या हातात होतं. पुढची सगळी गोष्ट त्या दारातून आत येते.

असाच दुसऱ्या रात्रीही स्टी येतो. त्याच्या अंगावर वळ उठलेत. घरात मलम नाही. जेमीला सापडतं ते पायाला चोळायचं पेपरमिंटचं लोशन, तेच तो त्याच्या पाठीला लावतो. पायाचं औषध पाठीला! आम्ही हसलो, आणि लगेच गप्प झालो, कारण त्या पोराच्या पाठीवर आजवर कोणी असा हळुवार हात फिरवलेलाच नाही हे कळत होतं. त्या रात्री दोघांना उमगतं की आपलं एकमेकांवर प्रेम आहे.

सकाळी स्टी घाबरून निघून जातो. कितीतरी दिवस जेमीला टाळतो. त्याची भीती खरी आहे. बाप आणि भाऊ काय करतील याची कल्पना त्याला आहे. जेमीही घाबरलेला आहे, पण वेगळ्या तऱ्हेनं. आपण कोण आहोत हे त्याला कोणीतरी सांगायला हवंय आणि विचारायला माणूस नाही. तो दुकानातून समलिंगी लोकांचं एक मासिक चोरून आणतो. विकत घ्यायचा धीर होत नाही. पुढे दोघं धीर करून ग्रिनिचमधल्या एका पबमध्ये जातात, जिथे असे लोक उघडपणे जमतात. सँड्रा पोराच्या मागावर जाते आणि तिला सगळं कळतं.

आता आपल्या ताईंच्या प्रश्नाचा प्रसंग. सँड्रा जेमीला विचारते. जेमी आधी टाळतो, मग त्याचा बांध फुटतो. तू म्हणशील मी अजून लहान आहे, तू म्हणशील हे वयाचं खूळ आहे, तुला वाटेल मला एड्स होईल, असं सगळं तो रडत रडत तिच्या वतीनं आधीच बोलून टाकतो. सँड्रा म्हणते, तुला माझ्याबद्दल फारच माहिती दिसते! आणि मग साधारण या अर्थाचं बोलते, की तुला काय वाटलं, दुधाच्या रिकाम्या बाटलीसारखं तुला दाराबाहेर ठेवून देईन मी? इंग्लंडात तेव्हा दूधवाला काचेच्या बाटल्या दारात ठेवायचा आणि रिकाम्या बाटल्या रात्री बाहेर ठेवायच्या, तो सकाळी घेऊन जायचा. एवढी रोजची, घरगुती उपमा. थोरामोठ्यांचं वचन नाही, पबमध्ये ग्लास विसळणाऱ्या बाईच्या तोंडी शोभेल असंच. दोघंही रडतात.

मैत्रिणींनो, तिला आनंद झालेला नाही हे लक्षात घ्या. ती हादरलेली आहे. तिला काळजी आहे. एका रात्रीत तिला सगळं समजलं असंही नाही. पण पोराची भीती तिच्या भीतीपेक्षा मोठी आहे एवढं तिला दिसतं, आणि ती आधी ती शांत करते. “मग मी करू काय” या प्रश्नाला सिनेमा जे उत्तर देतो ते एवढंच आहे. ती त्याला डॉक्टरकडे नेत नाही, कोणाची वाईट संगत लागली याचा शोध घेत नाही, तुझं लग्न लावलं की ठीक होशील असंही म्हणत नाही.

आता एक गोष्ट आम्हाला बोलताना सुचली. गटात अशी चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, “बापाविना वाढलं, आईनं लाडावलं, म्हणून असं झालं.” एकट्या बाईच्या माथी सगळं मारायची आपल्याला सवयच आहे. या सिनेमातली दोन घरं शेजारी शेजारी ठेवून पाहा. जेमीच्या घरात बाप नाही. स्टीच्या घरात बाप आहे, मोठा भाऊ आहे, बाईमाणूस दिसतच नाही, धाक तर विचारू नका. पोरं दोन्ही सारखीच निघाली. वळण कोणी लावलं, कसं लावलं, याचा याच्याशी संबंध नसतो. फरक पडला तो पोरं कुठल्या घरात सुखानं झोपू शकली यात.

जेमीच्या तोंडी एड्सचं नाव का येतं, तेही सांगायला हवं. 1980 च्या दशकात हा आजार नवा होता आणि तिकडे तो समलिंगी पुरुषांचाच आजार आहे असा समज पसरला. 1987 मध्ये तिथल्या सरकारनं घरोघरी पत्रकं वाटली. माहिती मिळाली आणि त्याबरोबर भीतीही पसरली. प्रत्यक्षात एचआयव्ही कोणालाही होऊ शकतो, आणि आपल्याकडे किती बायकांना तो लग्नाच्या नवऱ्याकडून आला हे आपल्यातल्या आशाताई सांगू शकतील.

कायदाही पोरांच्या बाजूनं नव्हता. इंग्लंडात 1967 पर्यंत दोन पुरुषांमधले असे संबंध सरसकट गुन्हा होते. त्या वर्षी 21 वर्षांवरच्यांना, तेही चार भिंतींच्या आत, सूट मिळाली. 1994 मध्ये वय 18 वर आलं, तेव्हा बाकी सगळ्यांसाठी ते 16 होतं. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा स्टीला एखाद्या मुलीवर प्रेम करायला जे वय पुरलं असतं ते जेमीवर करायला पुरत नव्हतं. ते सारखं झालं 2001 मध्ये. आणि 1988 मध्ये ‘कलम 28’ आलं. समलिंगी नातं हे कुटुंबाचंच एक रूप आहे असं सरकारी शाळांतून शिकवायचं नाही, नगरपालिकांनी त्याला उत्तेजन द्यायचं नाही. त्या कलमामुळे शिक्षक बोलायलाच घाबरायचे. ते 2003 मध्ये रद्द झालं. आता आठवा, हार्वी याच काळात शाळेत शिकवत होते. वर्गात जे बोलणं अवघड झालं होतं ते त्यांनी नाटकात लिहिलं. सिनेमात खेळाच्या बाई आहेत, मिस चौहान. हे काम मीरा स्याल यांनी केलंय, पंजाबी आईबापांची इंग्लंडात वाढलेली लेक. आपल्या नावाची बाई पाहून आम्हाला बरं वाटलं, पण जेमीला खरा आधार शाळेत मिळत नाही.

आपल्याकडे तर हा गुन्हा इंग्रजांनीच लिहून ठेवला, 1860 च्या दंडसंहितेत, कलम 377 म्हणून. त्यांनी आपल्या देशात तो काढायला सुरुवात केली 1967 मध्ये, आपल्याकडे तो राहिला 2018 पर्यंत. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं ठेवलेले असे संबंध गुन्हा नाहीत. सज्ञान म्हणजे 18 पूर्ण, आपल्याकडे मुलामुली सगळ्यांना तोच नियम. लग्नाचा हक्क मात्र 2023 मध्ये न्यायालयानं दिला नाही. आजाराचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच याला आजारांच्या यादीतून काढलं. मुलाला ‘बरं करतो’ म्हणून कोणी डॉक्टर औषधं, शॉक किंवा आणखी काही उपचार सांगत असेल, तर 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्याला गैरवर्तन ठरवलंय. बाबा-बुवांना तर कुठलाच आयोग विचारत नाही, तिथे आपणच पोराला न्यायचं नाही.

सिनेमाकडे परत येऊ. सगळंच आम्हाला पटलं असं नाही. लीया नशा करते आणि भ्रमात जाते तो भाग फार लांबलाय, आणि त्या टोनीची जरा जास्तच खिल्ली उडवलीय. सँड्रा शेवटी त्याला निरोप देते आणि तिला पब चालवायला मिळायची चिन्हं दिसतात. पोराचं काय होणार, या धास्तीत आईचं स्वतःचं स्वप्न सिनेमानं गुंडाळून ठेवलं नाही, हे आम्हाला फार आवडलं.

शेवटचा प्रसंग असा. उन्हाळ्याचे दिवस, इमारतींच्या मधल्या मोकळ्या चौकात मामा कॅसचं गाणं लागतं. जेमी आणि स्टी सगळ्यांसमोर एकमेकांचा हात धरून सावकाश नाचायला लागतात. लोक गोळा होतात. काहींच्या भुवया वर जातात, काही हसतात, काहींना मजा वाटते. सँड्रा पाहते. मग ती लीयाचा हात धरते आणि पोरांच्या शेजारी नाचायला लागते, मान ताठ, जणू विचारतेय, कोणाला काही म्हणायचंय का? आधी लीयाशी तिचं कधी पटलेलं नाही, बरं का.

जाहिरातीत या सिनेमाला शहरातली परीकथा म्हटलं होतं, आणि ते खरंय. दुसऱ्या दिवशी स्टीचा बाप काय करणार, हे सिनेमा दाखवत नाही. आमच्यातली एक म्हणाली, “हे लंडनात ठीक आहे. आपल्या गावात चौकात नाचले तर?” तिचं म्हणणं आम्ही खोडून काढलं नाही. गावात राहायचं असतं, दळण टाकायला, पाण्याला, गटाच्या बैठकीला त्याच बायकांत जायचं असतं. चौकात नाचणं प्रत्येकीला जमेल असं नाही. पण मार खाल्लेल्या पोराला घरात घेणं आणि आपल्या पोराला दाराबाहेर न ठेवणं, या दोन्ही गोष्टी सँड्रानं चौकात येण्याआधी, आपल्या स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत केल्या होत्या.

आणि हे फक्त लंडनचं नाही हे सांगायला आपल्याच भाषेतला एक सिनेमा आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांमधलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळायला. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. गावात लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. आनंदची आई सुमन शिकलेली नाही, पण तिला पोराचं सगळं माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूनं आहे. इथे चौकात नाच नाही, मोठा आवाज नाही. निवडुंगाचं लाल फळ, काटे काढून, सोलून हातावर ठेवलेलं, तेवढंच. ज्या गटाकडे मोठा मोबाइल किंवा टीव्ही असेल त्यांनी जमलं तर हा सिनेमा आधी बघावा, भाषा आपली आहे. ‘ब्यूटिफुल थिंग’ नंतर बघा. त्यात शिव्या भरपूर आहेत, लेकरांना झोपवून बघा, आणि इंग्रजी कळणारी एखादी पोरगी शेजारी बसवा.

त्या ताई, तुम्ही हा भाग ऐकत असाल तर एक सांगतो. मुलानं तुम्हाला सांगितलं, म्हणजे तुम्ही त्याला दाराबाहेर ठेवणार नाही असं त्याला कुठेतरी वाटलं असणार. जेमीला तर तेवढीही खात्री नव्हती. आमचा फोन नंबर तोच आहे, दुपारी दोन ते चार. शेळ्यांच्या लसीचं विचारायला केलात तरी चालेल.